काउंटी गावाची जुनी पेठ कागदांवरून कशी उभी करावी

१९व्या शतकातल्या अमेरिकेत काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, कोर्ट ज्या गावात बसे, त्या गावाला पेठ आपोआप मिळे. जमिनीचं खत नोंदवायला, कर भरायला, वारसाच्या वादात साक्ष द्यायला भोवतालच्या शेतकऱ्याला तिथे यावंच लागे. आला की तो घोड्याला नाल मारून घेई, गहू दळून घेई, लोणी-अंडी देऊन कापड आणि कॉफी नेई. कोर्टहाऊसच्या चौकाभोवतीची दुकानं आणि मागच्या गल्ल्यांमधले लोहार, जीनगर, पिंपं करणारे एखाद्या ठरावीक वर्षी नेमके कुठे बसत होते, हे आज कागदांवरून काढता येतं. बरंचसं काम पुण्यात बसूनही होतं. ओहायो-इंडियानात राहणाऱ्यांना तर काउंटीचं दप्तर गाडीने तासाभराच्या आत गाठता येतं, त्यांनी हे जरूर करावं.

या कामाचा कणा एकच आहे: आधी जागा पक्की करा, मग माणूस, मग धंदा. नवखे उलटं करतात. एखादं नाव डोळ्यांत भरतं, त्याच्यामागे लागतात आणि त्याचं दुकान भलत्याच कोपऱ्यावर नेऊन बसवतात. माणसं दुकान बदलत, भागीदार बदलत, कर्ज झालं की गाव सोडत. विटांची भिंत मात्र जागची हलत नाही.

वर्ष कोणतं धरावं

पेठ "१९व्या शतकातली" अशी उभी करता येत नाही, एकाच वर्षाची करावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने १८८० धरावं. त्या जनगणनेची मोजणी १ जून ही तारीख धरून झाली. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना तिच्यात पहिल्यांदा आला, त्यामुळे शिकाऊ पोरगा, भाडेकरू, नोकर वेगळे ओळखू येतात. डाव्या कडेला रस्त्याचं नाव उभं लिहिण्याची सोयही त्यात आहे, मात्र लहान गावांत प्रगणकाने तो रकाना पुष्कळदा कोराच सोडला आहे.

दुसरी पसंती १८६०. त्यात स्थावर आणि जंगम मालमत्तेचे दोन्ही आकडे मिळतात. १८५० मध्ये फक्त स्थावर आहे, १८८० मध्ये दोन्ही नाहीत. १८७० मध्ये दोन्ही आहेत, पण ते आकडे कागदी डॉलरचे. यादवी युद्धात, १८६२ पासून सरकारने काढलेल्या हिरव्या नोटा सोन्याच्या भावाने पुन्हा बदलून मिळू लागल्या त्या १८७९ मध्ये. म्हणून १८६० चं आणि १८७० चं भांडवल शेजारी ठेवून "दुकान एवढं वाढलं" असं म्हणणं फसवं ठरतं. १८९० चा विचारच करू नका: त्या जनगणनेचे कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत जवळजवळ सगळे गेले.

नकाशा: पहिला आणि सगळ्यात भरवशाचा कागद

आगीच्या विम्यासाठी गावांचे नकाशे काढणारी सॅनबॉर्न कंपनी १८६७ मध्ये सुरू झाली. प्रमाण एका इंचाला ५० फूट, म्हणजे प्रत्येक दुकानाची रुंदी मोजपट्टीने काढता येते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हे नकाशे फुकट आहेत. लहान काउंटी गावांचा पहिला संच बहुधा १८८० च्या दशकाच्या मध्यावर मिळतो.

रंगीत प्रतच घ्या. गुलाबी म्हणजे विटांची इमारत, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी. जुन्या सूक्ष्मफितींवरून केलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत हा फरक पुसला जातो आणि अर्धी माहिती तिथेच हातची जाते. इमारतीच्या कोपऱ्यातला आकडा मजल्यांचा. त्यापुढे बी असेल तर खाली तळघर आहे. एक्स ही खूण लाकडी चपत्यांच्या छपराची. आत डी लिहिलं असेल तर राहतं घर, एस असेल तर दुकान. पण पेठेत नुसतं एस क्वचित दिसतं, बहुतेक ठिकाणी धंद्याचं आखूड नाव असतं: ग्रो. म्हणजे किराणा, डी.जी. म्हणजे कापडचोपड, व्हॅक. म्हणजे रिकामं. विमा कंपनीला आगीची भीती किती एवढंच हवं होतं, त्यामुळे मालकाचं नाव सहसा नसतं. ते आपल्याला दुसरीकडून आणायचं आहे.

मोजताना एक गोष्ट हाताशी ठेवा. मूळ गाव आखताना पुष्कळ ठिकाणी ६६ फुटी सर्व्हे साखळी वापरली गेली, आणि ६६ फूट रुंद, १३२ फूट खोल असे प्लॉट पाडले गेले. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फुटांचा, म्हणजे असा एक प्लॉट बरोबर आठ गुंठ्यांचा. चौकासमोरची जागा महाग झाली की त्याच ६६ फुटांचे तीन गाळे पडत, प्रत्येकी २२ फुटांचे. नकाशावर २२-२२-२२ अशी रांग दिसली की मूळ प्लॉट एकच होता असं धरून खतांमध्ये तोच क्रमांक शोधा. रांगेत मध्येच ३३ चा गाळा आला, तर प्लॉट अर्धा-अर्धा विकला गेला असावा.

चौकाची ठेवण आधी पाहून घ्या. मधला एक अख्खा ब्लॉक कोर्टहाऊसला आणि चार कोपऱ्यांत रस्ते मिळतात, ही ठेवण टेनेसीतल्या शेल्बीव्हिलच्या नावाने ओळखली जाते आणि मध्य-पश्चिमेत ती सर्वांत जास्त दिसते. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरसारख्या जुन्या गावांत मात्र दोन मुख्य रस्ते चौकाच्या बाजूंच्या मधोमध येऊन मिळतात. तिथे जाहिरातीतला "कोपरा" वेगळा असतो. आणखी एक ठेच इथे हमखास लागते: "चौकाची उत्तर बाजू" म्हणजे चौकाच्या उत्तरेला असलेली रांग. तिची तोंडं दक्षिणेकडे असतात. हे उलटं धरलं की सगळी पेठ आरशातल्यासारखी होते, आणि चूक फार उशिरा लक्षात येते.

गाडी तयार करणाऱ्याचा कारखाना नकाशावर कसा दिसतो, ते जवळून पाहू. तळमजल्यावर "लाकूडकाम", वरच्या मजल्यावर "रंगकाम", आणि भट्टीची खोली भिंतीने वेगळी काढलेली किंवा आवारात सुटी. हे उगाच नाही. खाली रंध्याची धूळ उडते. ओल्या वार्निशवर ती बसली तर चकाकी गेलीच, म्हणून रंगारी माडीवर. भट्टीच्या ठिणग्या भुशावर पडू नयेत म्हणून लोहार बाहेर. चाकाला लोखंडी धाव चढवायची तर ती तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतून आवळायची. त्यासाठी मोकळं अंगण लागे. म्हणून अशा कारखान्यामागची कोरी जागा "काहीच नव्हतं" असं समजून भरून टाकू नका.

धंद्यांच्या जागा बऱ्याच अंशी अंदाजाने ताडताही येतात. भाड्याच्या घोड्यागाड्यांचा तबेला हॉटेलच्या मागे किंवा स्टेशनच्या वाटेवर. कातडी कमावणारा ओढ्याकाठी आणि पेठेपासून लांब, कारण पाणी हवं आणि वास सोसवत नाही. लाकडाची वखार आणि धान्याची कोठारं रुळांलगत. फोटोग्राफर वरच्या मजल्यावर, छतात काच बसवलेली, कारण त्याला उजेड हवा. वकील कोर्टासमोरच्या माड्यांवर. तळघरात न्हावी नाहीतर दारूचा गुत्ता. आपल्या तक्त्यात कातडीवाला चौकातच आला, तर तो कारखाना नसून चामडं विकण्याचं दुकान आहे का, हे तपासा.

जनगणना: इथे माणूस मिळतो, दुकान नाही

प्रगणक घरोघर फिरला, दुकानोदुकान नाही. किराणावाला त्याच्या राहत्या घरी नोंदला गेला, आणि ते घर पेठेपासून चार रस्ते दूर असू शकतं. दुकानाच्या माडीवर राहणारेही पुष्कळ होते, म्हणून चौकातली पानं ओळखायची एक युक्ती: हॉटेल शोधा. एकाच घर-क्रमांकाखाली पंधरा-वीस वेगवेगळ्या आडनावांची माणसं, त्यांत फिरते विक्रेते, वकील, कारकून असे दिसले की तुम्ही चौकापाशी आहात. तिथून पानं पुढे-मागे वाचा.

धंद्यांचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका. मेकॅनिक म्हणजे कुठलाही हाताचा कारागीर. ड्रमर म्हणजे ढोलकीवाला नव्हे, घाऊक पेढीसाठी गावोगाव फिरून मागणी घेणारा. क्वीन्सवेअर म्हणजे चकाकीची मातीची भांडी. नोशन्स म्हणजे सुया, गुंड्या, फिती. सगळ्यात जास्त घोटाळा ग्रोसरी या शब्दाचा. १८३०-४० च्या इलिनॉयमध्ये ग्रोसरी म्हणजे पेल्याने दारू विकणारी जागासुद्धा होती. २१ ऑगस्ट १८५८ ला ला साल काउंटीचं मुख्य गाव असलेल्या ओटावा इथल्या जाहीर वादात प्रतिस्पर्धी डग्लसने लिंकनला ग्रोसरीवाला म्हणून टोमणा मारला, आणि लिंकनने आपण कुठेही ग्रोसरी चालवली नाही असं उत्तर दिलं, ते याच अर्थामुळे. तेव्हा १८५० च्या आधीच्या कागदात ग्रोसरी दिसली की दारूविक्रीच्या परवान्यांची नोंदवही पाहिल्याशिवाय तिथे साखर-कॉफी मांडू नका.

शिकाऊ उमेदवार ओळखायला १८५० ते १८७० मध्ये नात्याचा रकाना नाही. तिथे खूण अशी: मालकाच्या घरात वेगळ्या आडनावाचा १५ ते २० वर्षांचा मुलगा, आणि धंदा मालकाचाच. जीनगराच्या घरात असे दोघे दिसले तर ते दुकान चालतं होतं, हे नक्की.

कारखान्यांची यादी आणि तिची परीक्षा

१८५० ते १८८० च्या जनगणनांसोबत उद्योगांची वेगळी यादी झाली. वर्षाला ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा माल तयार करणाऱ्यांची त्यात नोंद आहे: भांडवल, कच्चा माल किती आणि कितीचा, चालकशक्ती हाताची की घोड्याची की पाण्याची की वाफेची, माणसं किती, मजुरी, तयार माल. ही वही राज्याच्या अभिलेखागारात किंवा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडते. सगळ्या वर्षांच्या सगळ्या वह्या टिकलेल्या नाहीत.

या यादीतला आकडा जसाच्या तसा घ्यायचा नसतो, त्याची परीक्षा घ्यायची असते. पिठाच्या गिरणीपासून सुरुवात करा, कारण तिचा हिशेब सोपा. गव्हाचं बुशेल ६० पौंडांचं. पिठाचं पिंप १९६ पौंडांचं. एका पिंपाला साधारण साडेचार ते पाच बुशेल गहू लागे. समजा, गिरणीने १०,००० बुशेल गहू लिहिला आहे. तर २,००० ते २,२०० पिंपं यायला हवीत. तेवढीच लिहिली असतील तर मालक वही पाहून बोलला. फक्त ९०० लिहिली असतील, तर बहुधा बाकीचा गहू शेतकऱ्यांचा होता: तो दळून द्यायचा आणि मोबदला म्हणून त्यातला हिस्सा ठेवायचा. ती विक्रीची गिरणी नव्हे, दळून देण्याची गिरणी. आणि जर ४,००० पिंपं असतील तर नक्कल करताना कुणाचा तरी आकडा चुकला आहे. मूळ पानाचा फोटो पाहा. जाता जाता हेही पाहा की २,००० पिंपं कुणी केली. गावात पिंपं करणारा यादीत नसेल, तर तो गिरणीच्याच पगारावर असेल, नाहीतर पिंपं बाहेरून येत असतील.

मजुरीच्या रकान्यात वर्षागणिक फरक आहे आणि तो चुकला की सगळं चुकतं. १८५० आणि १८६० मध्ये महिन्याची सगळ्यांची मिळून मजुरी विचारली होती. चार माणसं आणि १०० डॉलर, म्हणजे माणशी २५. पण काही प्रगणकांनी माणशी आकडा लिहिला. चार माणसांपुढे २६ दिसलं, तर ते माणशी असणार. माणशी साडेसहा डॉलरवर कुशल कारागीर टिकला नसता. १८७० मध्ये वर्षाची एकूण मजुरी आहे. १८८० मध्ये कुशल कारागिराचा आणि साध्या मजुराचा रोजचा दर, शिवाय दिवसाचे तास आहेत. हा रकाना जपून उतरवा, कारण पेठेचा दिवस किती वाजता मावळत होता ते त्यातून कळतं.

आकड्यापुढे एम हे अक्षर दिसलं की ते रोमन हजार. ३ एम विटा म्हणजे तीन हजार. लाकडाचे फूटही असेच मोजत. दशलक्ष समजलात तर एका साध्या वीटभट्टीतून अख्खं शहर बांधलं जाईल.

१८६० च्या यादीत असलेला चांभार किंवा खुर्च्या करणारा सुतार १८८० च्या यादीत सापडत नाही, हे वारंवार होतं. तो मेला किंवा गेला असं लगेच ठरवू नका. रेल्वेने कारखान्यातले तयार बूट आणि फर्निचर आणलं. कारागीर हळूहळू विक्रेता झाला. फर्निचरवाला शवपेट्या करत होता, म्हणून अंत्यविधीचं सामान आणि गाडीही त्याच्याकडेच आली. त्याची जाहिरात १८८० मध्येही "उत्पादक" म्हणते, कारण अक्षरं तीच वापरली जात होती. हातचं काम किती उरलं होतं, ते यादीच सांगते. यादीत तो नसेल तर ते काम सुटलं होतं, किंवा ५०० डॉलरच्या खाली गेलं होतं.

जाहिराती वाचताना

गावाचं साप्ताहिक हा पुढचा कागद. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या संग्रहात पुष्कळ वृत्तपत्रं पानोपान शोधता येतात. धोका असा की जाहिरात दुकानापेक्षा जास्त जगते. छपाईचे जुळवलेले खिळे मोडायचे कष्ट कोण घेणार? म्हणून जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरातली खूण आधी वाचा. "नोव्ह. १४-३एम" असं असेल तर १४ नोव्हेंबरला पहिल्यांदा छापली, तीन महिन्यांसाठी. "टीएफ" म्हणजे थांबवा म्हणेपर्यंत. आपल्या तक्त्यात तारीख लिहायची ती या खुणेची; अंक ज्या दिवसाचा, ती नव्हे.

पत्ते क्रमांकाने क्वचितच असतात. "पोस्टाच्या पश्चिमेला तिसरं दार", "जुन्या जागीच", "मोठ्या बुटाच्या पाटीखाली" असे असतात. यातला पोस्टाचा पत्ता सर्वांत फसवा. पोस्टमास्तर राजकीय नेमणुकीचा, आणि पोस्ट पुष्कळदा त्याच्याच दुकानात. राष्ट्राध्यक्ष बदलला, पक्ष बदलला की पोस्टमास्तर बदलला, आणि पोस्ट चौकाच्या पलीकडे गेलं. १८८४ मधलं "तिसरं दार" आणि १८८६ मधलं "तिसरं दार" या दोन वेगळ्या इमारती असू शकतात. पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या तारखा राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नोंदींत गावागणिक आहेत. त्या आधी काढून ठेवा, म्हणजे एवढ्या एका खुंटीवर पंधरा दुकानं टांगता येतात.

जाहिरातींहून मला बातम्या जास्त मोलाच्या वाटतात. आग कुठून कुठवर गेली, कोणाचा गाळा वाचला, नव्या विटांच्या इमारतीचा पाया कधी घातला, हे सगळं जागेशी बांधलेलं असतं. तुमचा नकाशा १८८५ चा आणि वर्ष १८८० चं असेल, तर मधल्या पाच वर्षांतल्या आगी आणि बांधकामं यादीने काढा आणि नकाशावर ती उलटी फिरवा: गुलाबी इमारत पुसून तिथे पिवळी ठेवा. इमारत आजही उभी असेल तर दर्शनी लोखंडी खांबांचा पायथा पाहा. सेंट लुइस आणि इव्हान्सव्हिलच्या मेस्कर घराण्याच्या कारखान्यांनी असे दर्शनी भाग छापील सूचीवरून गावोगाव पाठवले, आणि त्यांचं नाव तिथे ओतलेलं असतं.

दुकानाच्या खातेवह्या

गावाच्या इतिहास मंडळात दुकानाची खातेवही मिळाली तर इतर सगळं बाजूला ठेवा. मराठी माणसाला ती वाचायला अवघड नाही. ओळीची सुरुवात टू ने झाली की नावे, बाय ने झाली की जमा. "टू २ पौंड कॉफी" म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावे पडली. "बाय ६ डझन अंडी" म्हणजे अंडी जमा. जमेच्या बाजूला लोणी, पिसं, मेण, चिंध्या, सरपण, एक दिवसाचं मातीकाम असं सगळं दिसेल. पीक हाती आलं की हिशेब मिटायचा, तोवर वर्षभर उधारी. चिंध्या कशाला, असं वाटेल. त्या कागदाच्या गिरणीकडे जात.

१८५० च्या आधीच्या वह्यांत १२½, १८¾, ३७½ सेंट असे भाव पाहून दचकू नका. स्पॅनिश चांदीचं नाणं तेव्हा चालत होतं. रुपयाचे सोळा आणे तसे डॉलरचे आठ बिट. एक बिट १२½ सेंटचा, दीड बिट १८¾ चा. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने ही परकी नाणी कायदेशीर चलनातून गेली, आणि भाव हळूहळू गोल झाले. जुन्या हस्ताक्षरात जोड-एस चा पहिला एस लांब, एफ सारखा दिसतो. "मिस" हे "मिफ्स" असं वाचून एका बाईचं नवंच आडनाव तयार केलेल्या नकला सर्रास सापडतात. "डू" म्हणजे वरचंच पुन्हा.

इलिनॉयमधलं स्प्रिंगफील्ड हे सँगमन काउंटीचं गाव. तिथल्या कॉर्नो आणि डिलर या औषधवाल्यांच्या खात्यांत लिंकन कुटुंबाची उधारी नोंदलेली आहे, एरंडेल तेलासकट. अशा दुकानांत औषधांबरोबर रंग, तेल, काच, साबण, अत्तरंही मिळत. म्हणून औषधवाल्याचा गाळा उभा करताना फडताळं नुसत्या बाटल्यांनी भरू नका.

पत किती होती, हे पाहायला न्यूयॉर्कमध्ये लुइस टॅपनने १८४१ मध्ये सुरू केलेल्या मर्कंटाइल एजन्सीच्या वह्या आहेत. पुढे ती आर. जी. डन यांच्या नावाने चालली. अडीच हजारांवर खंड हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत. गावोगावचे बातमीदार, सुरुवातीला बहुतेक वकील, दुकानदाराची मिळकत, दारूची सवय, बायकोच्या माहेरचा पैसा याबद्दल दोन-दोन ओळी कळवत. त्या ओळी हा दुसऱ्याच्या तोंडचा अभिप्राय आहे. काय तारखेला दुकान चालू होतं आणि भागीदार कोण होते, एवढं त्यातून पक्कं घ्या. स्वभावाचं वर्णन सांभाळून.

१८६२ पासूनच्या युद्धकरांच्या याद्याही शोधा. वर्षाला १,००० डॉलरवर विक्री असलेल्या किरकोळ दुकानदाराला सुरुवातीला १० डॉलरचा परवाना घ्यावा लागे, घाऊकवाल्याला ५०. त्या वर्षांसाठी ही दुकानांची जवळजवळ तयार यादी आहे.

पाटीवर एक, गल्ल्यावर दुसरा, हे विसरू नका. १८६० मध्ये युलिसिस ग्रँट, पुढे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झालेला, इलिनॉयमधल्या गलीनाला आला तो वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली काम करायला. पाटी वडिलांची होती. खत, पाटी, परवाना आणि जनगणना या चारही ठिकाणी वेगवेगळी नावं आली तरी ते एकच दुकान असू शकतं.

कागदांत जे येत नाहीत

इथे सगळ्यात जास्त कष्ट घ्यायला हवेत, कारण कुणी मुद्दाम शोधल्याशिवाय ही माणसं पेठेत परत येत नाहीत. १८५० च्या जनगणनेत धंदा विचारला तो फक्त १५ वर्षांवरच्या पुरुषांना. टोप्या करणारी बाई, शिवणकाम करणारी, खाणावळ चालवणारी, सगळ्या त्या वर्षी कोऱ्या. १८६० पासून बायकांनाही विचारलं, तरी लग्न झालेलीचं दुकान नवऱ्याच्या नावावर गेलेलं असतं. उपाय असा: वसंत आणि शरद ऋतूतल्या जाहिराती पाहा. टोप्यांचा नवा माल त्याच दोन मोसमांत येई, आणि जाहिरात बाईच्या स्वतःच्या नावाने असे. मग ते नाव जनगणनेत नवऱ्याच्या घरात शोधा.

काळ्या कारागिरांपैकी न्हावी सर्वांत सहज सापडतो. पेठेतलं मानाचं न्हाव्याचं दुकान कितीतरी गावांत काळ्या माणसाचं होतं. स्प्रिंगफील्डमधला विल्यम फ्लोरव्हिल मूळचा हैतीचा. त्याची गिऱ्हाइकं गावातली वजनदार माणसं, त्यांत लिंकनही. अशी नावं १८८० च्या दशकातल्या वर्गणीवर निघालेल्या काउंटी-इतिहासांत सहसा येत नाहीत, कारण चरित्र छापून यायचं तर पुस्तकाची वर्गणी भरावी लागे. त्या जाडजूड ग्रंथांचा उपयोग तारखांपुरता करा. त्यांच्यावरून पेठ भरलीत तर ती फक्त पैसेवाल्या पुरुषांची होईल. मृत्युपत्रांच्या दप्तरातली मालाची यादी मात्र गरीब कारागिरासाठीही मिळू शकते: ऐरण, भाता, सांडशा, उधारीची नावं. खोगिराचे लाकडी सांगाडे करणारा १८७८ चा श्रोडरचा कारखाना इंडियानातल्या मॅडिसनमध्ये १९७२ पर्यंत चालला आणि आता संग्रहालय म्हणून जपला आहे. यादीतलं अवजार कसं दिसतं हे समजेना, तर अशा जागी जाऊन प्रत्यक्ष पाहावं.

तक्ता कसा भरायचा

एका ओळीत एकच कागद आणि एकच तारीख. रकाने असे: प्लॉट, गाळा, मजला, नाव, धंद्याचा मूळ शब्द जसाच्या तसा, तारीख, कुठल्या कागदात, कितपत खात्री. दोन कागद जुळले म्हणून दोन ओळी एक करू नका. पुढे तिसरा कागद वेगळं सांगतो, तेव्हा उकलता येत नाही. खात्रीच्या तीन पायऱ्या पुरतात. जागा आणि नाव दोन वेगळ्या कागदांतून आलं तर क. एकाच कागदातून आलं तर ख. शेजाऱ्यांवरून ताडलं तर ग. नकाशावर क शाईने, ख पेन्सिलने, ग नुसत्या प्रश्नचिन्हाने.

फोटो सगळ्यात शेवटी काढा, आधी नाही. आधी पाहिला की डोळा त्यालाच धरून बसतो. टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काढलेल्या फोटोत पाटीची अक्षरं उलटी येतात, कारण चित्रच आरशासारखं उलटं असतं. तो आडवा फिरवूनच जुळवा. पुठ्ठ्यावरच्या फोटोच्या मागे करमुद्रांक चिकटवलेला असेल, तर तो १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या दरम्यान विकलेला आहे, कारण तो कर तेवढाच काळ होता. सावली कुठे पडली आहे ते पाहा: चौकातल्या रांगेच्या तोंडावर भर दुपारचं ऊन असेल, तर ती उत्तरेची रांग. मग पाट्या एकेक करून तक्त्याशी लावा. ज्या गाळ्याची पाटी वाचता येत नाही आणि कागदही मिळत नाही, तो नकाशावर रिकामाच ठेवा, रुंदी फुटांत लिहा, आणि प्रत काउंटीच्या इतिहास मंडळाला द्या. तिथल्या कुणाच्या तरी माळ्यावर त्या गाळ्याची खातेवही असू शकते.